वासोट्याची पावती नेमकी कशाची असते?

दिवाळी सरली की माझा फोन वाजायला लागतो. सांगलीचा भाचा, पुण्याला गेलेले जुने शेजारी, कुणाच्या तरी ऑफिसातला ग्रुप. प्रश्न एकच असतो, "वासोट्याला जायचंय, परवानगी लागते का?" वासोटा म्हणजे कोयना अभयारण्यातला गड. मी "हो" म्हटलं की पुढचाही ठरलेला, "अजिंक्यताऱ्याला तर लागत नाही. तोही गडच, हाही गडच. मग?"

त्या "मग?"चं नीट उत्तर माहीत नसल्यामुळे आमचा एक अख्खा दिवस वाया गेला होता. भाचा अकरा जणांना घेऊन सांगलीहून निघाला, साताऱ्यात मी गाडीत बसलो. कुणाला तरी मोबाईलवर मेसेज आला होता, 'परवानगी तिथंच मिळते, काही काळजी नको.' त्यावर विसंबून आम्ही निवांत होतो. यवतेश्वरचा घाट चढलो, कासला चहा घेतला, फोटो झाले. बामणोलीत शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठाला गाडी लागली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. खिडकीतल्या वनरक्षकानं आधी आमच्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं.

"आता सोडता येणार नाही. बोटीला तास-दीड तास, चढायला दोन तास, उतरायला दीड, परत बोट. अंधाराच्या आत तुम्ही काठाला लागत नाही."

भाचा म्हणाला, "साहेब, आम्ही पैसे भरतोय की."

"पैसे भरून तिकीट मिळतं दादा. ही परवानगी आहे."

तेव्हा सगळ्यांना राग आला. बोटवाल्यांकडं गेलो तर तेही म्हणाले, "पाव्हणं, आज जमायचं नाही." पुढं कायदा वाचला, कार्यालयात दोन-चार वेळा बसून विचारून घेतलं, आणि लक्षात आलं की त्या माणसानं एका वाक्यात सगळा विषय सांगितला होता. तोच इथं उलगडून सांगतो.

कायद्याची सुरुवातच 'नाही'पासून

बागेचं, किल्ल्याचं, वस्तुसंग्रहालयाचं तिकीट काढतो तेव्हा जागा सगळ्यांसाठी खुली असते, पैसे भरले की झालं. अभयारण्याचं उलटं आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम २७ सांगतं की अभयारण्यात कुणीही जायचं नाही. त्यानंतर अपवाद येतात. ड्यूटीवरचा सरकारी कर्मचारी जाऊ शकतो. आत राहायला ज्याला परवानगी आहे तो जाऊ शकतो. ज्याची आत जमीन-घर आहे त्याला आणि अशांच्या घरच्यांना जाता येतं. अभयारण्यातून सार्वजनिक महामार्ग गेला असेल तर त्या रस्त्यानं पार होणारा जाऊ शकतो. बाकी सगळ्यांना, म्हणजे तुम्हा-आम्हाला, परवाना लागतो.

हा परवाना कशासाठी मिळतो ते कलम २८ मध्ये आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाकडं असलेलं कायदेशीर काम. २०२२ च्या दुरुस्तीनं त्यात चित्रीकरण आलं, तेही अधिवासाला धक्का लागणार नसेल तरच. परवाना देण्याचा अधिकार मुळात राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा. त्यांचं कार्यालय नागपूरला. तिथून अधिकार खाली उतरत येतो आणि बामणोलीच्या खिडकीत आपल्याला जी पावती मिळते ती त्या साखळीची शेवटची कडी असते.

याच कलमात आणखी एक ओळ आहे आणि माझ्या मते पर्यटकांच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची तीच. परवाना 'अटींसह' मिळतो. पावतीवर किंवा फलकावर जे लिहिलेलं असतं, म्हणजे ही वाट, ही वेळ, एवढी माणसं, मुक्काम नाही, त्या सूचना नसतात, त्या परवान्याच्या अटी असतात. आणि परवान्याची अट मोडणं हा कलम ५१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पावती खिशात आहे म्हणून माणूस सुटत नाही. पावतीत न बसणारं काही केलं, तर त्या कृतीपुरती पावती नसल्यासारखीच.

म्हणून आम्हाला साडेअकराला परत पाठवलं ते मनमानीनं नव्हतं. दिवसाउजेडी आत आणि दिवसाउजेडी बाहेर, ही अट आम्ही पाळू शकणार नव्हतो. पाळता येणार नाही हे दिसत असताना परवाना द्यायचा कसा?

एकाच रस्त्यावर तीन कायदे

आता अजिंक्यताऱ्याकडं येऊ. तो अभयारण्यात नाही, संपला विषय. पण साताऱ्यातून समर्थ मंदिरावरून यवतेश्वर चढून बामणोलीला उतरेपर्यंतच्या साधारण ३५ किलोमीटरात जमिनीची जात बदलत जाते, आणि डोळ्यांना ते कळत नाही. झाडं तीच, डोंगर तेच, वाराही तोच.

यवतेश्वरच्या आसपास पुष्कळशी जमीन मालकीची. तिथं हॉटेलं आहेत, तंबू आहेत, शेतं आहेत. मालकाची हरकत नसेल तर प्रश्न नाही. पुढं कासचं पठार लागतं. ते राखीव वन आहे, सातारा वनविभागाच्या ताब्यातलं. इथं लागतो तो १९२७ चा भारतीय वन अधिनियम. त्याच्या कलम २६ मध्ये राखीव वनात आगंतुक शिरणं, आग लावणं, जनावरं घालणं यांना मनाई आहे. फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क, रोजच्या माणसांवर मर्यादा, सुट्टीच्या दिवसांसाठी आधी नोंदणी, ही सगळी व्यवस्था आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या वनविभागाबरोबर चालवतात. गेटवर पावती फाडणारा पोरगा बहुतेक त्याच गावांतला असतो. कासचं पठार म्हणजे कातळावर चार बोटं माती. त्या मातीत सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी उभी असते. एक माणूस वाट सोडून फोटोसाठी दहा पावलं आत गेला की त्या दहा पावलांखालची पुढच्या वर्षीची रोपंही जातात. म्हणून तिथली मुख्य अट वाट न सोडण्याची आहे, वेळेची नाही.

कास मागं टाकून बामणोलीत उतरलात, बोटीत बसलात आणि पलीकडच्या काठाला लागलात की तुम्ही कोयना अभयारण्यात आलात. इथं खातंही बदललेलं असतं. प्रादेशिक वनविभाग मागं राहिला, आता वन्यजीव विभाग, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. कासची पावती इथं चालत नाही, इथली कासला चालत नाही. लोक खिडकीवर वाद घालतात, "आत्ताच तर वनखात्याला पैसे भरले!" भरले ते खरं, पण वेगळ्या जमिनीसाठी, वेगळ्या कायद्याखाली.

आणखी एक गोंधळ इथंच मिटवतो. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात महाराष्ट्रातल्या चार जागा आल्या: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यासाठी वेगळा 'युनेस्कोचा परवाना' वगैरे काही नसतो. तो मान आहे. दार उघडायचं की लावायचं हे आपले देशातले कायदेच ठरवतात.

वाघाच्या घराचे दोन भाग

कोयना अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं, ४२३.५५ चौरस किलोमीटर. चांदोलीही त्याच वर्षी अभयारण्य झालं आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, ३१७.६७ चौरस किलोमीटर. जानेवारी २०१० मध्ये ही दोन्ही मिळून आणि भोवतालचा टापू घेऊन सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, एकूण ११६५.५७ चौरस किलोमीटर, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेला.

यातले ६००.१२ चौरस किलोमीटर हा गाभा, उरलेला बफर. गाभा म्हणजे वाघासाठी माणसांच्या वावरापासून मोकळा ठेवायचा भाग. बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत, मालकीच्या जागेतले तंबू आहेत. तापोळा-बामणोलीच्या काठावर कुणी स्वतःच्या रानात तंबू लावून रात्री राहायची सोय केली असेल, तर त्याचा अर्थ पलीकडच्या काठालाही रात्री राहता येतं असा होत नाही. मध्ये फक्त पाणी आहे, पण पाण्याच्या अल्याड-पल्याड कायदा वेगळा आहे.

गाभ्यात पर्यटन चालावं का, यावर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मोठा वाद झाला होता. जुलैमध्ये न्यायालयानं देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन थांबवलं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि ती पाळण्याच्या अटीवर बंदी उठली. त्यात गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी वापरता येईल असं ठरलं. आपल्या हिशेबानं ६०० पैकी फार तर १२० चौरस किलोमीटर. म्हणून मोजक्या वाटा उघड्या आहेत. वासोट्याला परवानगी मिळते, मग शेजारच्या डोंगरावर का नाही, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे. आणि 'ऑनलाइन ट्रॅक मिळाला' म्हणून जुन्या पायवाटा शोधत फिरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. नकाशावर वाट असणं आणि त्या वाटेनं जायला परवाना असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

हे फक्त कागदावरचं राहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणली. सह्याद्रीत वाघ पुन्हा नांदावा म्हणून एवढा खटाटोप चाललेला असताना आपण त्याच रानात मोठ्यानं गाणी लावून फिरणं मला तरी पटत नाही.

खिडकीपासून गडापर्यंत

दुसऱ्या वेळी आम्ही साताऱ्यातून पहाटे पाचला निघालो. आदल्या दिवशी परिक्षेत्र कार्यालयात, म्हणजे वनखात्याच्या त्या भागापुरत्या कार्यालयात, फोन करून तीन गोष्टी विचारल्या: उद्या वाट चालू आहे का, खिडकी किती वाजता उघडते, परवानगी किती वाजेपर्यंत देता. एवढंच विचारायचं असतं. शुल्काचा आकडा मी मुद्दाम सांगत नाही, तो बदलत राहतो आणि जुने आकडे घेऊन लोक भांडायला जातात.

खिडकीवर एक अर्ज भरायचा. सगळ्यांची नावं, वयं, मोबाईल नंबर, ओळखपत्र. त्यानंतर माणशी प्रवेश, कॅमेरा असेल तर त्याचं वेगळं. बोटीचे पैसे वेगळे, ते गावच्या बोट क्लबकडं. ही दोन खाती एक समजू नका. बोट ठरली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, आणि परवानगी मिळाली म्हणजे बोट मिळालीच असंही नाही. रविवारी हमखास घोळ होतो तो इथंच.

पलीकडं मेट इंदवलीला उतरलो. इथं चौकी आहे आणि पिशव्या उघडून दाखवाव्या लागतात. आमच्या पुढं एक ग्रुप होता. वनमजूर एकेक वस्तू बाहेर काढत होता आणि वहीत लिहीत होता: पाण्याच्या बाटल्या ९, बिस्किटाचे पुडे ६, वेफर्सची पाकिटं ४. अनामत रक्कम घेतली. परत येताना हे सगळं मोजून दाखवायचं, भरलेलं असो की रिकामं. ग्रुपमधल्या एका मुलीनं शेंगदाण्याची चिक्की कागदात बांधून आणली होती, ती तशीच आत गेली. आम्ही घरून भाकरी-पिठलं फडक्यात बांधून आणि पाणी स्टीलच्या बाटल्यांत घेऊन गेलो होतो. आमच्या नावापुढं त्यानं रेघ मारली, मोजण्यासारखं काही नव्हतंच.

ही मोजदाद म्हणजे कुणाची हौस नाही. कलम २७ च्याच पोटात लिहिलेलं आहे की अभयारण्यात वन्यप्राण्याला छेडायचं नाही आणि कचरा टाकायचा नाही. प्राण्याला त्रास देणं आणि कचरा टाकणं, दोन्ही एकाच वाक्यात. खारवलेल्या वेफर्सच्या पाकिटाला जनावर तोंड लावतं, आणि प्लास्टिक पोटात गेलं की ते बाहेर येत नाही. हे कायदा करणाऱ्यांनी १९९१ च्या दुरुस्तीतच ओळखलं होतं याचं मला फार मोल वाटतं.

चौकीच्या आसपास नीट पाहिलंत तर घरांची जोती दिसतात. इथं गाव होतं. कोयनेचं धरण झालं, पाणी वर आलं, पुढं अभयारण्य आलं, माणसं उठली. मारुतीचं ठाणं राहिलं, ओढा राहिला, लावलेली झाडं राहिली. ज्यांनी घर सोडलं ते अजून देवाला येतात. त्यांना आत जाताना कुणी आमच्यासारखं थांबवलं नाही म्हणून एक पर्यटक कुरकुरत होता. त्याला सांगावंसं वाटलं की बाबा, ज्यांच्या जोत्यावरून तू चालतोयस त्यांनी इथं यायचं आणि तू यायचं, यात फरक आहे.

बॅगेतल्या आणखी काही वस्तूंबद्दल सांगतो. कलम ३१ प्रमाणे परवानगीशिवाय शस्त्र आत नेता येत नाही. शस्त्र म्हटलं की आपल्याला बंदूक आठवते. पण या कायद्याच्या व्याख्येत सुरी, गळ, जाळं हेही शस्त्रच आहे. कांदा कापायला घेतलेला मोठा सुरा किंवा शिवसागरात गळ टाकू म्हणून घेतलेली दोरी चौकीवर निघाली तर ती बाहेर ठेवायला लावतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आगीसाठी कलम ३० आहे. चूल, शेकोटी, बिडीचं थोटूक, काहीही. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतलं गवत कापसासारखं पेट घेतं. वनखातं उन्हाळ्याच्या तोंडाला जाळरेषा काढतं, म्हणजे आधीच गवत काढून मोकळा पट्टा करून ठेवतं, वणवा पुढं सरकू नये म्हणून. एका थोटकानं ती मेहनत पाण्यात जाते. धुराचा आणखी एक धोका आहे, कड्यांवरची आग्या मोहोळं. धुरानं ती उठली तर वाटेत लपायला जागा नसते. अत्तर, सेंटही घरीच ठेवा.

उतरताना भाच्याच्या मुलीला वाटेत साळिंदराचा काटा सापडला, काळा-पांढरा, वीतभर. तिनं तो हातात धरून सगळ्यांना दाखवला आणि हळूच खिशात घातला. चौकीवर तिनं आपणहून काढून दाखवला. वनमजुरानं तो हातात घेतला, तिला टोक कसं असतं, काटा गळतो कसा ते सांगितलं, आणि म्हणाला, "हा इथलाच हाय बाळा, इथंच ठेवू." कलम २९ चा अर्थ तिला दहा मिनिटांत कळला. अभयारण्यातून वन्यजीव किंवा वनउपज काहीच हलवायचं नाही. पीस, शिंग, बी, ऑर्किडची मुळी, कशालाही सूट नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी खास विनंती आहे. पर्यटनाच्या पावतीवर आत जाऊन नमुने गोळा करू नका. अभ्यास आणि संशोधन हे परवान्याचे वेगळे हेतू आहेत, त्याची वेगळी लेखी परवानगी असते, आणि ती मिळायला वेळ लागतो. कॉलेजच्या पत्रासह काही महिने आधी अर्ज करा. ड्रोनचंही तसंच. कॅमेऱ्याची पावती ड्रोनला लागू होत नाही.

पावसात का बंद?

पावसाळ्याच्या तोंडाला वासोट्याची वाट बंद होते ती पावसाळा ओसरल्यावर उघडते. लोकांना वाटतं, पावसातच तर सह्याद्री बघायचा! पण कोयनेच्या खोऱ्यात नवजासारख्या ठिकाणी बहुतेक वर्षी पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे आणि ते पाणी याच दोन-तीन महिन्यांत चढतं. शिवसागरावर वारा सुटला की बोट सांभाळणं अवघड. ओढे फुगले की वाट तुटते आणि माणूस पलीकडं अडकतो. शिवाय रानाला स्वतःचेही दिवस हवेत. माझं स्वतःचं मत विचाराल तर ही विश्रांती आणखी थोडी वाढवली तरी चालेल.

उलट टोकाला एप्रिल-मे. वाट उघडी असली तरी पाणी खाली गेलेलं असतं. बोट अलीकडंच थांबते आणि उरलेलं अंतर वाळलेल्या चिखलातून चालावं लागतं. तेवढा वेळ धरूनच निघा, कारण परतीची वेळ त्यामुळं पुढं सरकत नाही.

कोकणातून वर आलं तर?

हा प्रश्न अनुभवी भटके विचारतात. खेड तालुक्यातल्या चोरवण्यातून वासोट्याजवळच्या नागेश्वरच्या देवळाला वाट चढते, महाशिवरात्रीला कोकणातले भाविक त्याच वाटेनं येतात. तिथं बामणोलीसारखी खिडकी नाही, मग परवानगी कशाची? कलम २७ मध्ये गेट हा शब्द महत्त्वाचा नाही, हद्द महत्त्वाची आहे. अभयारण्याची हद्द ओलांडली की कायदा लागू, मग तुम्ही बोटीनं या, कड्यावरून या किंवा रानातून या. चौकी कुठं बांधायची ही खात्याची सोय आहे. हद्द दाखवायला दगडी बुरूज असतात, नुकसान करायच्या हेतूनं ते हलवणं-मोडणंही गुन्हा आहे. म्हणून त्या बाजूनं जायचं असेल तर आधी लेखी विचारा. 'कुणी अडवलं नाही' ही परवानगी नव्हे. आणि वाटेत झाडाला बांधलेले कॅमेरे असतात. ते वाघ-बिबट्यासाठी लावलेले असले तरी समोरून जाईल त्याचा फोटो काढतात.

जंगली जयगडला नवजाच्या बाजूनं जाणाऱ्यांनाही हेच. तो प्रकल्प एकच असला तरी परिक्षेत्र वेगळं, म्हणून कार्यालय वेगळं. बामणोलीची पावती तिथं दाखवून उपयोग नाही. कुणाला विचारावं कळत नसेल तर प्रकल्पाचं मुख्य कार्यालय कोल्हापूरला आहे आणि उपसंचालकांचं कराडला. कराडला चौकशी केली की ते योग्य परिक्षेत्राकडं पाठवतात.

सांगलीकरांसाठी

सांगलीच्या लोकांना वासोटा जवळचा वाटतो, पण त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात शिराळा तालुक्यात चांदोली आहे. शिराळा, कोकरूड, आरळा करत वारणावतीला पोचायचं. हे राष्ट्रीय उद्यान आहे, आणि अभयारण्यापेक्षा त्याचा नियम कडक. अभयारण्यात काही जुने हक्क शिल्लक राहू शकतात, राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायलाही मनाई. वासोट्यासारखं पायी गडावर चढायचं, असं इथलं पर्यटन नाही. ते मुख्यतः गाडीतून, ठरलेल्या रस्त्यानं, झोळंबीच्या सड्याच्या बाजूला. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. गाडीतून उतरायचं कुठं आणि नाही कुठं, हे सोबतचा माणूस सांगतो. गवा रस्त्यात उभा राहिला तर इंजिन बंद करून थांबायचं, हॉर्न नाही. तो जातो. कधी पाच मिनिटांत, कधी अर्ध्या तासानं.

लहान मुलं, वयस्कर आई-वडील सोबत असतील तर मी सागरेश्वर सुचवतो. कडेगाव-पलूसच्या माळावर, १०.८७ चौरस किलोमीटरचं, उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचं आयुष्य त्यात गेलं. तिथंही कायदा तोच, कलमं तीच, पण परवानगी गेटवर सहज मिळते.

आणि जोर-जांभळीकडं जाणाऱ्यांसाठी एक बारीक फरक. ते 'संवर्धन राखीव' आहे. या प्रकारात कलम २७ चा प्रवेशबंदीचा भाग लागत नाही, पण प्राण्यांना न छेडण्याचा, कचरा न टाकण्याचा आणि आगीचा भाग लागतो. जमीन राखीव वनाची असेल तर वन अधिनियमही आहेच. त्यामुळं तिथंही वनपालाला विचारून जाणं बरं.

मोडलं तर

शिक्षेचं थोडक्यात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातल्या गुन्ह्याला वेगळी तरतूद आहे, किमान तीन वर्षं आणि सात वर्षांपर्यंत. रात्री गुपचूप गडावर राहू, सकाळी सूर्योदय बघू, असं जी पोरं ठरवतात त्यांना हा दुसरा आकडा माहीत नसतो. नोकरीच्या वयात अंगावर असला खटला आला तर काय होतं ते त्यांच्या आई-वडिलांना विचारा.

पण मला शिक्षेपेक्षा दुसरी गोष्ट सांगायचीय. अर्जावर नावं, वयं, नंबर कशाला घेतात? दर संध्याकाळी मेट इंदवलीच्या चौकीवर ती वही उघडली जाते. त्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा साडेचार वाजले होते. वनमजुरानं आमच्या नावांवरून बोट फिरवत मोजलं, एकाचा पाय मुरगळला होता म्हणून तो मागं राहिला होता, त्याच्यासाठी थांबला. तो ओढा ओलांडून दिसला तेव्हाच त्यानं पुढच्या रकान्यात वेळ लिहिली. आमच्या वरच्या ओळीतल्या सहा जणांचा रकाना अजून रिकामा होता. टॉर्च घेऊन तो वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.